छातीतला दम आणि फाइलीतला शेरा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की पुढचा भाग कधी. उशीर झाला, कबूल. ऑफिसमध्ये रिलीज होतं, हे एक कारण. खरं कारण वेगळं आहे. हा विषय मला घरातच सापडला, आणि घरातल्या विषयावर बोलायला मला वेळ लागतो.

तर आज इतिहास आहे सैनिकाच्या फुप्फुसाचा. म्हणजे नोकरीत असताना जडलेला छातीचा आजार, त्याचं पेन्शन, आणि 'हा आजार नोकरीमुळेच झाला' हे सिद्ध कुणी करायचं, या एका प्रश्नाचा. सुरुवात आपण इस्लापूरहून करू, मग बेल्जियमला जाऊ, रावळपिंडीला जाऊ, लडाखला जाऊ आणि परत घरी येऊ.

ज्यांना इस्लापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नांदेड जिल्हा, किनवट तालुका. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं गाव. जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंडचा धबधबा. बाहेरच्या माणसाला आमच्याकडची एवढी एकच गोष्ट ठाऊक असते. माझे मोठे काका इथले. १९८३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते सैन्यात गेले आणि २००५ साली हवालदार म्हणून बावीस वर्षांची नोकरी संपवून परत आले. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मला आठवतं ते एवढंच, की काका घरी आले आणि त्यांच्यासोबत एक काळी लोखंडी पेटी आली.

आणि खोकला आला. सकाळी चारला उठून अंगणात बसून खोकणारे काका, हा आमच्या घराचा गजर होता. थंडीत तर वरच्या आळीपर्यंत ऐकू जायचा. पुढे पंप आला, म्हणजे इनहेलर. काकूंच्या भाषेत 'फुसफुस'.

गेल्या दिवाळीला मी पुण्याहून गावी गेलो होतो. काकांना कसलातरी जुना दाखला हवा होता म्हणून पेटी उघडली. त्यात एक फाइल निघाली. निवृत्तीच्या वेळी सैन्यात शेवटची वैद्यकीय तपासणी होते, तिला रिलीज मेडिकल बोर्ड म्हणतात. त्या बोर्डाचा कागद त्यात होता. आजार: दमा. अपंगत्व: ३० टक्के, आयुष्यभरासाठी. आणि त्याखाली एक शेरा. मराठीत सांगायचं तर असा: हा आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. कारण? आजाराची पहिली नोंद २००२ साली शांत ठिकाणी असताना झाली.

या शेऱ्याला एक छोटं नाव आहे. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं घेऊन फौजी लोक आणि वकील त्याला 'नाना' म्हणतात. 'मला नाना लागला' असं म्हणतात. आपल्याकडे घरातल्या मोठ्या माणसाला नाना म्हणतात, पण या नानानं कितीतरी घरांतलं पेन्शन अडवून ठेवलंय.

मी तो कागद वाचत बसलेलो पाहून काका म्हणाले, "काय वाचायलास रे एवढं?"

मी विचारलं, "काका, याच्यावर अपील केलं नाही का तुम्ही?"

"काय अपील करावं? डॉक्टर सायबानं लिहिलंय. आपल्याला कसं सिद्ध करता यावं की दम तिकडूनच आला म्हणून?"

मंडळी, आजचा सगळा भाग काकांच्या या एका वाक्यावर आहे. सिद्ध कुणी करायचं?

बेल्जियम, १९१५

गोळी लागली तर खूण राहते. पाय गेला तर दिसतो. फुप्फुसाचं तसं नाही. आणि हा घोळ जगाला मोठ्या प्रमाणात कळला तो पहिल्या महायुद्धात.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्यानं क्लोरीन वायू सोडला. पश्चिम आघाडीवर विषारी वायूचा एवढा मोठा हल्ला पहिल्यांदाच होत होता. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, तिथे प्रतिहल्ल्यासाठी हिंदुस्थानी सैन्याची लाहोर डिव्हिजन उतरवली गेली. त्यांच्याकडे धड मास्कही नव्हते. पागोट्याचं कापड ओलं करून तोंडाला बांधायचं, एवढाच उपाय. त्या दिवशी जमादार मीर दस्त यांनी वायूच्या हल्ल्यात तुकडी सांभाळली, जखमी अधिकाऱ्यांना वाचवलं, आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या इस्पितळात खुद्द राजानं तो त्यांना दिला. पण वायूचा त्रास पदक घेऊन गेला नाही. तो त्यांच्यासोबत राहिला.

युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये लाखो माजी सैनिक पेन्शन मागायला उभे राहिले. त्यांतल्या वायू लागलेल्यांची अडचण वेगळी होती. दहा वर्षांनी खोकला वाढला, तर तो वायूचा की कारखान्यातल्या धुराचा की सिगारेटचा? पुरावा आणायची जबाबदारी त्या सैनिकावर होती, आणि त्यानं तो आणायचा कुठून?

हे चक्र फिरलं ते दुसऱ्या महायुद्धात. १९४३ साली ब्रिटननं युद्ध-पेन्शनचे नियम बदलले. सिद्ध करायचं ओझं दावेदारावर नाही, आणि वाजवी शंका असेल तर तिचा फायदा दावेदाराला, असं त्यात आलं. त्यामागचा विचार साधा होता. भरती करताना तुम्हीच तपासून घेतलंत ना? धडधाकट आहे म्हणून घेतलंत ना? मग आजारी होऊन बाहेर पडला तर मधल्या काळाचा हिशेब तुम्ही द्या.

हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्याला ते पुन्हा भेटणार आहे.

रावळपिंडी: ज्यांची नोंदच ठेवली नाही

पण पुराव्याचं ओझं काढलं तरी एक गोष्ट लागतेच. तो माणूस तिथे होता, याची नोंद. आणि ती नोंद ठेवणारा पक्ष तोच, ज्याच्याकडे दावा करायचाय.

१९३०च्या दशकात आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, दहा वर्षांहून जास्त काळ, ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीच्या लष्करी ठाण्यात मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. कुणावर? हिंदुस्थानी शिपायांवर. त्यांची संख्या शेकड्यांत होती. हिंदुस्थानी कातडीवर हा वायू जास्त परिणाम करतो की गोऱ्या कातडीवर, हे त्यांना बघायचं होतं. काही शिपायांना अर्धी चड्डी आणि सुती सदरा घालून वायूच्या खोलीत पाठवलं. कित्येकांना भाजल्यामुळे इस्पितळात ठेवावं लागलं. ही कागदपत्रं ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात होती आणि २००७ साली वर्तमानपत्रातून लोकांसमोर आली. प्रयोगानंतर त्या शिपायांचं पुढे काय झालं, याचा पाठपुरावा झाला नाही.

मस्टर्ड वायू नुसती कातडी जाळत नाही. श्वासात गेला तर श्वासनलिका जाळतो. म्हणजे समजा, त्यांतला एखादा शिपाई १९५५ साली आपल्या गावात खोकत बसला असेल. त्यानं कुणाला काय सांगायचं? कुठला कागद दाखवायचा?

अमेरिकेनंही आपल्याच सैनिकांवर असले प्रयोग केले होते. साठ हजारांच्या आसपास माणसं त्यात होती, आणि त्यांना गुप्ततेची ताकीद दिलेली. तिथे हे प्रकरण १९९०च्या सुमारास उघड झालं आणि सरकारनं एक यादी केली. मस्टर्ड वायूशी पूर्ण संपर्क आला असेल आणि पुढे जुनाट ब्राँकायटिस, एम्फिसीमा, दमा असं काही झालं, तर ते नोकरीमुळेच झालं असं धरायचं. तरीही बरेच म्हातारे परत पाठवले गेले, कारण प्रयोगात ते होते हे सांगणारा कागद सापडेना. पुढे २०२२ साली अमेरिकेनं 'पॅक्ट' नावाचा कायदा केला. इराक-अफगाणिस्तानात तळावरचा कचरा उघड्या खड्ड्यांत जाळायचे, त्या धुरातल्या सैनिकांसाठी. त्यातही तीच युक्ती आहे: आजारांची यादी करायची, आणि संबंध गृहीत धरायचा.

लडाख: उंचीनं भरलेली छाती

आता आपल्याकडे या. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात हजारो जवान मैदानातून थेट हिमालयात नेले गेले. आज बंगळूरच्या उन्हात, परवा अकरा-बारा हजार फुटांवर. शरीराला उंचीची सवय व्हायला वेळच नाही. तरणीबांड पोरं एका रात्रीत धापा टाकायला लागायची, तोंडाला फेस यायचा, आणि काही वेळा सकाळ व्हायच्या आत संपायची. आधी अशा रोग्यांना न्यूमोनिया झालाय असंच डॉक्टरांना वाटायचं. प्रत्यक्षात उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरत होतं.

या आजाराचं जगातलं सुरुवातीचं मोठं संशोधन आपल्या लष्करी डॉक्टरांनी केलं. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९६५ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. १९६९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आणखी एक आला, तब्बल १,९२५ जवानांच्या नोंदींवर. आजही गिर्यारोहणाच्या वैद्यकात त्या निबंधाचा दाखला देतात. पुढे १९९० साली 'लॅन्सेट'मध्येच आपल्या २१ जवानांवर एक निबंध आला. सुमारे ५,८०० ते ६,७०० मीटर उंचीवर राहून त्यांच्या हृदयाची उजवी बाजू निकामी व्हायला लागली होती. खाली आणल्यावर ती सुधारली.

म्हणजे बघा. उंची, थंडी आणि विरळ हवा यांचा छातीवर काय परिणाम होतो, हे जगाला शिकवणाऱ्यांत आपलं सैन्य पुढे होतं. आणि हे ज्ञान नियमांतही उतरलं. १९८२ साली सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनचे जे पात्रता नियम आले, त्यांना आजारांचं एक परिशिष्ट आहे. त्यात 'हवामानाचा परिणाम होणारे आजार' असा गटच आहे. फुप्फुसाचा क्षय, फुप्फुसात पाणी भरणं, ब्राँकायटिस, प्लुरसी, न्यूमोनिया, सगळे त्यात. आणि त्याच नियमांतला नववा नियम सांगतो की दावेदाराला पात्रता सिद्ध करायला लावू नये, वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यावा, आणि फील्डवर राहिलेल्या माणसाला तो जास्त सढळ हातानं द्यावा.

ओळखीचं वाटतंय ना? १९४३चं ब्रिटिश वाक्यच जवळजवळ.

मी तो नियम मोबाइलवर काढून काकांना मराठीत करून सांगितला. त्यांनी दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे मला सिद्ध करायचंच नव्हतं?"

नव्हतं, काका.

मग अडलं कुठे?

काका सियाचीनला गेले होते, १९९३-९४च्या हिवाळ्यात, तीन महिने एका चौकीवर. तिथे ऊब म्हणजे बुखारी, रॉकेलवर चालणारी शेगडी. बाहेर हवा वजा तीस, आत सहा माणसं, दार बंद. पाणी वितळवायला रॉकेल, स्वयंपाकाला रॉकेल, झोपायला रॉकेल. काका म्हणतात, "सकाळी थुंकलं की काळं पडायचं. आम्ही हसायचो, छातीत इंजन बसवलंय म्हणून." त्यानंतर लडाख, मग सिक्कीम. मग मैदानातलं शांत ठाणं, आणि तिथे २००२ साली आजार कागदावर आला.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे रोजचा अनुभव असा की एरर जिथे दिसते तिथे ती जन्मलेली नसते. चुकीचा डेटा पहाटे दोनला एका ठिकाणी शिरतो आणि दुपारी चारला भलत्याच सर्व्हरवर कोसळतो. नवा पोरगा ज्या ओळीवर प्रोग्रॅम पडला त्याच ओळीला दोष देतो. जुना माणूस मागे मागे जात लॉग वाचतो. 'आजाराची नोंद शांत ठिकाणी झाली, म्हणून सेवेशी संबंध नाही' हा शेरा मला त्या नव्या पोरासारखा वाटला. बावीस वर्षांचा लॉग समोर होता. बघितली ती शेवटची ओळ.

अर्थात माझं डोकं इथेच गरम होऊन थांबू नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. काका बिडी ओढायचे. नोकरीत असताना आणि नंतरही काही वर्षं. नियमांत तंबाखूचंही कलम आहे. अतिसेवनानं झालेल्या आजाराला भरपाई नाही, कारण ते माणसाच्या हातातलं आहे. मग काकांचा दम बुखारीचा की बिडीचा? खरं सांगायचं तर छाती उघडून बघितली तरी कुणी वाटणी करून देऊ शकणार नाही. पण शंकेचा फायदा हा नियम लिहिला गेला तो नेमका अशाच माणसासाठी. जिथे शंका नाही तिथे त्या नियमाची गरजच काय? आणि त्या बोर्डाच्या कागदावर बिडीचा शब्दही नाही. कारण म्हणून फक्त ठिकाण लिहिलंय.

कोर्टांचा इतिहासही सरळ नाही. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात ठासून सांगितलं. तेव्हा सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. पण अपंगत्वाच्या प्रकरणांत पुढची बरीच वर्षं न्यायालयं म्हणत राहिली की मेडिकल बोर्ड तज्ज्ञ आहे, त्याच्या मताला मान द्या. म्हणजे ओझं पुन्हा जवानाच्या डोक्यावर.

ते खाली उतरलं २ जुलै २०१३ रोजी, धरमवीर सिंग खटल्यात. १९८५ला भरती झालेला जवान, नऊ वर्षांनी फिट येतात म्हणून घरी पाठवलेला, अपंगत्व २० टक्के, शेरा तोच, नाना. न्यायालयानं हे नियम एकेक करून उलगडले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती, म्हणजे माणूस तेव्हा निरोगी होता असं धरायचं. पुढे तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे असं धरायचं. तसं नसेल तर बोर्डानं कारणं लिहायची. नुसता शेरा चालणार नाही. तो आजार फिटचा होता, फुप्फुसाचा नाही. पण तर्क सगळ्याच आजारांना लागू पडतो, आणि आज दम्याच्या, ब्राँकायटिसच्या प्रकरणांतही वकील तोच निकाल पुढे ठेवतात.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१४ मध्ये, राम अवतार खटल्यात आणखी एक गोष्ट झाली. अपंगत्वाचे टक्के वरच्या टप्प्याला नेण्याचा फायदा, म्हणजे ५० पेक्षा कमी असेल तर ५०, पुढे ७५, मग १००, हा मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही मिळू लागला. हिशेब ढोबळ सांगतो. सहाव्या वेतन आयोगापासून पूर्ण अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम धरतात. काकांचे ३० टक्के म्हणजे पगाराच्या ९ टक्के झाले असते. ५० धरले तर १५ टक्के. दर महिन्याला, मूळ पेन्शनच्या वर.

कुणाला माहीत असतं?

आता एक प्रश्न मला छळत होता. हे सगळं असताना काका गप्प का बसले?

सातारा-कोल्हापूरकडे जा. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, जिथे घराघरात फौजी. तिथे पारावर बसलेला म्हाताराही सांगतो की बोर्डाचा कागद जपून ठेव, सहा महिन्यांत अपील कर. आमच्याकडे तसं नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इंग्रजांच्या मराठा पलटणींची भरती कोकण-देशावरची. आमच्याकडे होती ती हैदराबाद कंटिंजंट, तिची छावणी हिंगोलीत. १९०३ साली ती इंग्रजांच्या मुख्य सैन्यात मिसळली, १९२२ साली तिची हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ साली तिचं नाव बदललं. काय झालं माहितीय? कुमाऊँ रेजिमेंट. म्हणजे आमच्याकडच्या पलटणीचा वारसा आज हिमालयाच्या नावानं चालतो. छावणी गेली आणि तिच्यासोबत पारावरचं ते शहाणपणही गेलं. इस्लापुरात काकांना सल्ला द्यायला पेन्शनीत बसलेला सुभेदार नव्हता.

आणि हा फरक नुसता गावागावांतला नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२३च्या अहवालात दिसलं की अपंगत्व पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचं प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांच्या दुपटीहून जास्त आहे. यावरून बराच गदारोळ झाला, अधिकारी सवलतीचा गैरवापर करतात असं बोललं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवे नियम आले, पेन्शनच्या त्या भागाचं नावही बदलून 'इम्पेअरमेंट रिलीफ' झालं. गैरवापर होतही असेल. पण मला त्या आकड्यात दुसरी गोष्ट दिसते. बर्फात चौकीवर झोपणारे जास्त करून जवानच. मग कागदावर अपंग अधिकारी जास्त कसे? ज्याला कागद वाचता येतो त्याला तो मागताही येतो.

एक धोक्याची गोष्टही सांगून ठेवतो. २००८ साली नियम बदलले, तेव्हा त्यात एक अट आली. निवृत्तीनंतर पंधरा वर्षं उलटून दावा केला आणि तोवर सेवेची कागदपत्रं मुदतीप्रमाणे नष्ट झाली, तर सिद्ध करायचं ओझं पुन्हा दावेदारावर. रावळपिंडी आठवली ना? म्हणून सांगतो, घरात फौजी असेल तर पेटी उघडा. बोर्डाचा कागद, डिस्चार्ज बुक, इस्पितळाच्या चिठ्ठ्या, पोस्टिंगच्या नोंदी, सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

आणि उशीर झाला म्हणून सगळं संपत नाही. तरसेम सिंग नावाच्या माजी सैनिकाचा खटला आहे. १९८३ला आजारपणामुळे बाहेर पडले, कोर्टात गेले १९९९ला. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली सांगितलं की पेन्शन न मिळणं ही दर महिन्याला नव्यानं घडणारी चूक आहे, त्यामुळे दावा उशिरा केला तरी ऐकता येतो. फक्त मागची थकबाकी तीन वर्षांपुरतीच. म्हणजे काकांची २००५ पासूनची वर्षं गेली ती गेलीच. पुढची शिल्लक आहेत.

रस्ता असा. रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिलं अपील, सोबत उशीर माफ करण्याची विनंती. नाकारलं तर दुसरं अपील. तेही नाकारलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, २००९ पासून सुरू झालेलं. आपलं खंडपीठ मुंबईत. किनवटवरून नंदीग्राम एक्स्प्रेस जाते, रात्रभराचा प्रवास. मदतीला नांदेडचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

पेटीवर बसून

मला वाटलं होतं एवढं सांगितल्यावर काका लगेच सही करतील. नाही केली. दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ज्या फौजेनं खाऊ घातलं तिच्याशी भांडायचं का पैशासाठी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकूंकडे होतं. त्या चुलीपाशी होत्या, तिथूनच म्हणाल्या, "भांडायलाव कुठं? त्यांचंच पुस्तक त्यांना वाचून दाखवायलाव."

मग मी लॅपटॉप उघडला आणि पेटीवर बसून अर्ज टाइप केला. भरतीचं साल, पोस्टिंगची ठिकाणं, सियाचीनची चौकी, बुखारी, २००२ची नोंद, नववा नियम, धरमवीर सिंग. दोन पानं झाली. काकांना सगळं वाचून दाखवलं. ते चष्मा लावून ऐकत होते, मधेच पंप घेत होते.

शेवटी म्हणाले, "बिडी पन लिही."

मी म्हटलं, "काका, ती त्यांनी विचारलेली नाही. आपण होऊन कशाला लिहायची?"

"लिही रे. सोळा वर्षं ओढली. खोटं सांगून घेतलेला पैसा दम लागल्यावर घशाखाली जायचा नाही."

लिहिली. पान दोन, शेवटून तिसरा परिच्छेद. ती वाचून कुणी पुन्हा नाना लिहील का? लिहू शकेल. पण या वेळी त्याला कारण लिहावं लागेल, आणि वीस वर्षांपूर्वी काकांना तेवढंही मिळालं नव्हतं.

अर्ज इस्लापूरच्या पोस्टातून रजिस्टरनं गेला. पावती काकांनी पेटीत ठेवली, सगळ्यात वर. मी फोटो काढून ठेवलाय, ते त्यांना सांगितलं नाही.

उत्तर आलं की तुम्हाला कळवीनच. तोवर तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या कुण्या माजी सैनिकाला हा भाग ऐकवा. ऐकायला त्रास होत असेल तर हा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.